आवाज कधी द्यायचा, कधी गप्प बसायचं

प्रश्न : तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. चार विरुद्ध चार खेळवताना मी बाजूने हुरूप देत राहिलो की मुलं जीव तोडून पळतात, गप्प बसलो की रेंगाळतात. हा माझा भास आहे का? पूर्ण सरावभर आवाज देत राहावं का?

उत्तर : भास नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० हौशी खेळाडूंना छोट्या मैदानावर प्रोत्साहनासह आणि प्रोत्साहनाविना खेळवलं होतं. प्रोत्साहन असताना हृदयाचे ठोके, रक्तातलं लॅक्टेट (जोरदार श्रमात स्नायूंत तयार होणारा पदार्थ) आणि खेळाडूंना जाणवलेली दमछाक, तिन्ही वाढले. ते खेळाडू प्रौढ होते, त्यामुळे आपल्या मुलांवरचा परिणाम आपणच मोजावा.

एक दिवस आवाज देऊन, एक दिवस फक्त गुण सांगून खेळवा. संघ तेच, मैदान तेच (३० बाय २० मीटर), ४ मिनिटांचे ४ डाव, मध्ये ३ मिनिटं विश्रांती. ऊनही साधारण सारखं हवं. शिट्टी वाजताच १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणा. उशीर केलात तर ठोके झपाट्याने उतरतात आणि आकडा फसवा येतो. चौदाव्या वर्षी कमाल ठोके अंदाजे १९८ (२०८ वजा वयाच्या ०.७ पट), जीव तोडून खेळताना त्याच्या ८५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १६८ ठोके अपेक्षित धरा, म्हणजेच १५ सेकंदांत ४२. शिवाय ० ते १० मध्ये दमछाक किती, हे प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारा. घोळक्यात विचारलं की सगळे पहिल्याचाच आकडा सांगतात.

मुलांना दोष देण्याआधी चेंडू मोजा. मैदानाभोवती ६-८ जादा चेंडू नसतील, तर प्रत्येक वेळी चेंडू आणण्यात खेळ थांबतो आणि ठोके उतरतात. मग कितीही ओरडा.

हुरूप देण्याची खरी जागा म्हणजे चेंडू गमावल्यानंतरचे पहिले काही सेकंद आणि डावाचा शेवटचा मिनिट. ढिलाई तिथेच येते. ‘लगेच घेरा’, ‘मस्त मागे आलास’ असं नाव घेऊन, केलेल्या कामाबद्दल बोला. एका डावात आठही नावं तोंडी यायला हवीत. एरवी चेंडू खेळवणाऱ्या दोघांचीच येतात. चेंडू पायात असलेल्याला मात्र ‘डावीकडे दे’ सांगू नका. ती सूचना झाली, आणि तिच्या सवयीने मुलगा मान वर करून पाहणंच सोडतो. चुका विश्रांतीत सांगा.

पूर्ण सरावभर आवाज नकोच. वॉर्म-अप, नवं कौशल्य आणि सामन्याच्या आदल्या दिवशीचा सराव शांतपणे होऊ द्या. या वयात उंची भराभर वाढते, तेव्हा गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं नेहमीचं असतं, आणि जोरदार हुरूप मिळाला की मुलं ते लपवतात. कुणी लंगडताना दिसला तर त्याचा डाव तिथेच थांबवा.