जुनी स्पोर्ट्स कार घेताना इंजिन धड आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात १९६५ची ट्रायम्फ स्पिटफायर बघून आलात, आवाज 'एकदम गोड' आहे आणि मालकाने चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, सारखं दाखवलं. आवाजाचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो.

वागळे इस्टेटला वडिलांचं गॅरेज होतं. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्ड आमच्याकडे यायच्या. हेराल्डचं ९४८ सीसी आणि तुमचं ११४७ सीसी ही एकाच घराण्यातली इंजिनं, आणि थ्रस्ट वॉशर, म्हणजे क्रँकला (इंजिनाच्या मुख्य दांड्याला) पुढे-मागे सरकू न देणाऱ्या अर्धगोल चकत्या, हे या घराण्याचं दुखणं.

आमच्या भावोजींनी अशीच स्पिटफायर पसंत केली होती. सोबत त्यांचा मिस्त्री, कान लावून निदान करणारा. मी म्हटलं, इंजिन बंद करा आणि भावोजी, तुम्ही क्लच दाबा. या गाडीचं बोनेट मडगार्डांसकट पुढे कलंडतं, त्यामुळे क्रँकची पुली समोरच दिसते. क्लच दाबला तशी पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे आली. हाताने ढकलली तर टक् करून मागे. मिस्त्री म्हणाला, "जुन्या गाडीत एवढा प्ले असतोच." भावोजींनी मान डोलावली आणि टोकन दिलं.

पुढे कापूरबावडीच्या सिग्नलला क्लच दाबून ताटकळायचं रोजचंच झालं. क्लच दाबला की क्रँक पुढे रेटला जातो आणि तो सगळा भार त्या अर्धगोल वॉशरवर येतो. शेवटी वॉशर निसटून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पडला आणि क्रँकने ब्लॉक खाल्ला. कॉम्प्रेशन तेव्हाही चारही सिलिंडरला सारखंच होतं! असणारच. त्यातून पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट कळतात, खालच्या अर्ध्या इंजिनाचं काहीच कळत नाही.

बाकीचं थोडक्यात. मालकाला सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, थंड इंजिन कसं सुरू होतं ते मला बघायचंय. पोचल्यावर आधी बोनेटखाली हात लावून बघा. गरम लागलं तर चहा पिऊन परत या, दुसऱ्या दिवशी जा. घोडबंदरला गायमुखचा चढ चढवा. चढताना निळा धूर दिसला तर रिंगा झिजल्यात, उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून परत दाबताना दिसला तर व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्ह ज्यात वर-खाली सरकतो ती नळी). ऑइल प्रेशर इंजिन तापल्यावरच बघा. थंड असताना कुठलंही इंजिन छान प्रेशर दाखवतं, त्यात कोणी जाड ऑइल भरलं असेल तर विचारूच नका.

पुली केसभर हलली तर घाबरू नका, तेवढी हलायलाच हवी. नक्की किती, ते डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) लावून मोजा. पावसाळ्यात सकाळी निघणारी पांढरी वाफसुद्धा बहुतेक वेळा नुसती वाफच असते. इंजिन तापल्यावरही थांबली नाही तर मात्र हेड गॅस्केटचा संशय घ्या.

भावोजी आजही म्हणतात की ब्लॉक मुळातच खराब होता. तो ब्लॉक माझ्याकडे आहे. थ्रस्ट वॉशरच्या जागी पडलेली खाच कोणालाही दाखवायला मी तयार आहे, त्यांच्या मिस्त्रीलाही.