कम्युनिटी कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरला १८ युनिट्स घेऊ का? दोन वर्षांत यूसीला ट्रान्सफर व्हायचंय

तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॅलिफोर्नियात आहात आणि यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, संगणकशास्त्राला जायचंय. माझं स्पष्ट मत: १८ नकोत, १४च्या आसपास घ्या.

यूसीचा ट्रान्सफर अर्ज १ ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर पाठवायचा असतो. तेव्हा दुसरं वर्ष जेमतेम सुरू झालेलं असतं. हातात ग्रेड असतात त्या पहिल्या वर्षाच्या आणि उन्हाळ्यातल्या, बस्स. फॉलच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड जानेवारीत कळवता येतात, पण अर्ज उभा राहतो तो पहिल्या वर्षावरच.

एका युनिटमागे आठवड्याला १ तास वर्ग आणि २ तास घरचा अभ्यास धरतात. म्हणजे १८ युनिट्सचे ५४ तास, १४चे ४२. ज्युनियर (तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी) म्हणून जायला ६० सेमिस्टर युनिट्स लागतात: १४, १४, उन्हाळ्यात ६, पुढे १४ आणि १२. बसतात की आरामात!

पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलस, प्रोग्रामिंगचा पहिला कोर्स, इंग्लिश कॉम्पोझिशन आणि जनरल एज्युकेशनचा ३ युनिट्सचा एखादा कोर्स. गणित अजिबात पुढे ढकलू नका. कॅल्क्युलस १ झाल्याशिवाय २ नाही, आणि पुढचं गणित त्यावर अवलंबून. एक सेमिस्टर चुकलं की सगळी साखळी सरकते. फिजिक्स मात्र स्प्रिंगला, म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरला घ्या. तिन्ही जड विषय एकदम घेतले की मिडटर्म एकाच आठवड्यात येतात आणि बळी बहुतेक कॅल्क्युलसचा जातो.

त्यात सी मिळाला तर तो कायमचा. डी किंवा एफ असेल तर कोर्स पुन्हा करता येतो, सी असेल तर सुधारण्यासाठी पुन्हा करता येत नाही. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांतच क्विझ आणि होमवर्कचे मार्क बघून कोर्स ठेवायचा की सोडायचा ते ठरवा. त्यानंतर सोडलेल्या कोर्सवर डब्ल्यू (कोर्स सोडल्याची नोंद) लागतो. नेमकी तारीख कॉलेजच्या कॅलेंडरवर असते.

पण थांबा: १४मधून ४ युनिट्सचा कोर्स सोडलात तर १० उरतात, आणि एफ-१ला किमान १२ हवेत. इंटरनॅशनल ऑफिसची परवानगी आधी, ड्रॉप नंतर. उशिरा सुरू होणारा एखादा कोर्स घेऊन भरपाई होते का तेही विचारा. ऑनलाइनचा एकच कोर्स, जास्तीत जास्त ३ युनिट्स, त्या १२त धरला जातो.

रजिस्ट्रेशनआधी असिस्टच्या वेबसाइटवर तुमचं कॉलेज आणि तीन-चार यूसी कॅम्पस टाकून संगणकशास्त्राचे करार उघडा; तुमच्या कॉलेजचे कुठले कोर्स यूसीत चालतात ते त्यांत दिलेलं असतं. सगळीकडे समान असलेले कोर्स आधी उरकायचे. जनरल एज्युकेशन त्यानंतर. टॅगवर, म्हणजे यूसीच्या ट्रान्सफर प्रवेशाच्या हमीवर, विसंबून राहू नका. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगोला ती हमी नाहीच. बाकी ठिकाणी संगणकशास्त्र तिच्यात येतं का ते कॅम्पसगणिक तपासा, कारण टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्येच भरावा लागतो.