कुंडीतला जास्वंद मरगळलाय? आधी मुळं बघा

पानं पिवळी पडली की नवखा माणूस पहिल्यांदा पाणी वाढवतो, मग खत घालतो. दोन्ही थांबवा. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. आता झाड कुंडीतून अलगद काढून मुळं पाहा. पांढरी, टणक असतील तर झाड वाचतं. काळी, लिबलिबीत, वास मारणारी तेवढी कापून टाका.

आपल्या सोलापूरकडची काळी माती शेतात सोनं, कुंडीत मात्र दगड. ओली झाली की चिकटते, वाळली की आकसून कडेला फट पडते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. वरून कुंडी भिजलेली दिसते, मधला गड्डा कोरडाच! म्हणून दोन भाग लाल माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग जाड वाळू घ्या. नवी कुंडी जुनीपेक्षा दोनच इंच मोठी; फार मोठीत ओल साचून मुळं कुजतात.

झाडाची कुंडी संध्याकाळी बदला, आठ-दहा दिवस सावलीत ठेवा, महिनाभर खत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात हा उद्योग शक्यतो नकोच.

विमा म्हणून दोन-तीन फांद्याही लावा:
- पेन्सिलीएवढी जाड, वीतभर, तीन-चार डोळ्यांची (डोळा म्हणजे पान फुटतं ती गाठ)
- खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका
- वरची दोन पानं ठेवा, कळ्या खुडा
- ओलसर वाळूत दोन डोळे गाडा

जून-जुलैत सहज लागतात. मुळं फुटली का म्हणून रोज उपटून बघू नका, त्यानेच जास्त मरतात.