‘मला चढतच नाही, मॅडम’

मुलगा सत्तावीसचा, साखरपुडा महिन्यावर आलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) आजोबा दारूपायी गेले, वडील त्याच वाटेवर. मुलीकडच्यांनी मध्यस्थाकरवी विचारलं होतं, "हे यांच्या रक्तातच आहे म्हणे?" तोच प्रश्न त्याने मला केला आणि घाईघाईने पुस्ती जोडली, "पण मला चढतच नाही, मॅडम. चार पेग झाले तरी मी ठणठणीत."

मला काळजी वाटली ती नेमकी याचीच. व्यसनाच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा, असं जुळ्यांच्या अभ्यासांत दिसतं. पण तो एका जनुकाचा नव्हे, अनेकांचा थोडा थोडा. काहींचा चेहरा दोन घोटांतच लाल होतो, मळमळतं. ते बहुधा वाचतात. ज्याला चढत नाही तो पीत राहतो. व्यसनी बापांच्या मुलांत ही ‘ताकद’ जास्त आढळते. मिरवण्यासारखं त्यात काही नाही.

मग बाहेर बसलेल्या वडिलांना आत बोलावलं. पाय फाकवून, भिंतीला हात लावत आले. डोळ्यांपुढून पेन फिरवलं तर बुबुळं थरथरत होती. "सकाळची उतरली नसेल," मुलगा पुटपुटला. पण तोंडाला वास नव्हता. महिनाभर धड जेवण नाही, नुसता चकणा.

ब-१ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. आतड्याच्या अस्तरातली वाहक प्रथिनं ते आत ओढून घेतात. दारू त्यांचंच काम मंदावते. ब-१च्या कमतरतेने होणाऱ्या, १८८१ साली जर्मन डॉक्टर वेर्निके यांनी वर्णन केलेल्या मेंदूच्या आजाराची मला शंका आली. रोगाचं निदान करणं माझं काम नव्हे. डॉक्टरांना फोन केला आणि दोघांना लगेच रिक्षात बसवलं. तिथे ग्लुकोज लावण्याआधी शिरेतून ब-१ दिलं. अशा वेळी गोळ्यांवर भागत नाही.

डोळे काही दिवसांत स्थिरावले. चाल सुधारायला महिने लागले. विसरभोळेपणा अजून आहे.

"म्हणजे ब-१च्या गोळ्या घेऊन प्यायलो तर चालेल?" मुलाने नंतर विचारलंच. हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं! नाही. त्याने कमतरता भरून निघते, व्यसन टळत नाही. तुझ्या घरचा इतिहास पाहता तू पिऊच नकोस, असं स्पष्ट सांगितलं. "आणि मुलीला काय सांगू?" "हेच. मध्यस्थाकरवी नको, तू स्वतः."

पुढच्या खेपेला ती सोबत आली. वहीत प्रश्न लिहून आणले होते.