मालवणातल्या आमच्या संस्थेला नवमतदारांची ऑनलाइन नोंदणी वाढवायची आहे, सोशल मीडियावर कोणत्या पोस्ट टाकाव्यात?

पोस्ट कसलीही टाका, पण लिंकखाली 'गणपतीला गावी येताय, तर नाव नोंदवून जा' असं लिहू नका. कोकणातल्या संस्था आकडा फुगवायला हे करतात आणि मला त्याची मनापासून चीड आहे. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्याचं गावात घर आहे, एवढ्यावर तो गावचा मतदार होत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० हेच सांगतं. भांडुपच्या यादीत नाव असताना इथे नव्याने फॉर्म ६ (नवीन मतदार नोंदणीचा अर्ज) भरला, तर खोट्या निवेदनासाठी कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ती कैद फॉर्म भरणाऱ्याला, पोस्ट टाकणाऱ्याला नाही. कायमचा परत आलेल्याने फॉर्म ८ (नोंदीतल्या बदलाचा आणि दुरुस्तीचा अर्ज) भरायचा. २०२२ पासून स्थलांतर त्यातच आहे.

जोर वाडीतल्या मुलांवर लावा. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला अठरा पूर्ण होतात ती धरतात आणि सतरा झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. त्यामुळे बारावीच्या निकालाचे दिवस उत्तम.

लिंक पाठवून मात्र काम होत नाही, मूल फॉर्ममध्येच अडकतं. नाव इंग्रजीत टाइप केलं की मराठी आपोआप उमटतं आणि तांडेलचा टंडेल होतो. तो रकाना पुसून हाताने लिहायला लावा, नाहीतर नंतर दुरुस्तीसाठी पुन्हा फॉर्म ८. आजोबांच्या नावाचं वीजबिल पुरावा म्हणून जोडू नका. ते स्वतःच्या किंवा त्याच पत्त्यावर मतदार असलेल्या आईवडिलांच्या नावाचं लागतं. घरातल्या मतदाराचा ओळखपत्र क्रमांक टाकलात तर नाव मतदार यादीच्या त्याच भागात जायला मदत होते. मोबाइल नंबर मुलाचा किंवा घरच्यांचा द्या, कार्यकर्त्याचा कधीच नको. पुढचे मेसेज त्याच नंबरवर येतात आणि कार्यकर्ता बदलला की अर्जाचं काय झालं ते घरी कळत नाही. संदर्भ क्रमांकाचा स्क्रीनशॉट त्यांच्याच फोनमध्ये ठेवा. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) पडताळणीला येतील तेव्हा घरी कुणीतरी हवं, हेही आधी सांगून ठेवा.

एक राहिलं. शिकायला मुंबई-कोल्हापुरात हॉस्टेलवर राहणाऱ्यांना वरचं चाकरमान्यांचं लागू करू नका. ते आईवडिलांच्या घरचा पत्ता देऊ शकतात.