पाकिटातला कागद आणि रुमालातल्या गोळ्या

पत्र:

ताई, सोमवारी माझी खालची दाढ काढली. मुळाशी पू झाला होता, गाल सुजला होता, अंगात ताप होता. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल दिवसातून तीनदा, पाच दिवस घ्यायला सांगितलं, शिवाय दुखण्यासाठी वेगळी गोळी. मंगळवारपासून तोंडाला नाणं चोखल्यासारखी चव आहे, मळमळतं, बुधवारी दोनदा जुलाब झाले. मी पाकिटातला कागद उघडून वाचला आणि झोपच उडाली. माझ्या मावशीला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिल्यावर तिचा चेहरा सुजला होता, श्वास अडकला होता. मी तेव्हा आठ वर्षांची होते, दारात उभी राहून पाहत होते. बुधवारी रात्रीपासून मी एकही गोळी घेतलेली नाही. नवरा पाणी आणून देतो, मी गोळ्या तोंडाशी नेते आणि मग रुमालात गुंडाळून ठेवते. आज गुरुवार, चार वेळच्या साठल्या. डॉक्टरांना विचारलं तर म्हणतील, बाई फारच घाबरट आहे. काय करू? – झोप उडालेली

उत्तर:

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मिळाल्याबरोबर मी दोन ओळी कळवल्या होत्या: आधी डॉक्टरांना फोन करा, बाकीचं नंतर बोलू. ते बाकीचं आता लिहिते. मी डॉक्टर नाही. पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी त्या दारापाशी थांबले.

आठ वर्षांच्या मुलीनं आपल्या माणसाचा श्वास अडकलेला पाहिला. मोठी माणसं मावशीच्या धावपळीत होती, त्यामुळे दारातल्या मुलीला कुणी जवळ घेऊन काय झालं ते सांगितलं नसावं. इतक्या वर्षांनी हातात त्याच जातीचं औषध आलं, आणि अमॉक्सिसिलिन खरंच पेनिसिलिनच्या कुळातलंच आहे. तुम्हाला भीती वाटली याला घाबरटपणा म्हणायला मी तयार नाही. तुम्ही पाहिलं ते खरं होतं.

आता त्या मुलीला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं ते मी सांगते. मावशीची ॲलर्जी म्हणजे तुमची ॲलर्जी नव्हे. पेनिसिलिनची ॲलर्जी डोळ्यांच्या रंगासारखी घराण्यातून उतरत नाही, आणि केवळ नात्यातल्या कुणाला ती आहे म्हणून डॉक्टर पेनिसिलिन टाळत नाहीत. मावशीला झाली तशी भयंकर रिअ‍ॅक्शन बहुतेक वेळा औषध घेतल्यावर काही मिनिटांत, फार तर तासाभरात दिसते. सोमवार दुपारपासून बुधवार दुपारपर्यंत तुम्ही सात वेळा या गोळ्या घेतल्या आणि त्यातलं काही झालं नाही. यानं धोका शून्यावर येतो असं मी म्हणणार नाही. अंगावरचं पुरळ काही दिवसांनीही उठू शकतं. पण ज्या क्षणाची तुम्ही वाट पाहत जागता आहात, तो क्षण सात वेळा येऊन काहीही न होता निघून गेला आहे.

तो क्षण खरंच आला तर कसा दिसतो, हेही माहीत असू द्या, म्हणजे रात्रभर आरशासमोर उभं राहावं लागणार नाही. अंगभर खाजणाऱ्या गांधी, ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज, घसा आवळल्यासारखं वाटणं, छातीत सूं सूं आवाज, भोवळ. यातलं काही दिसलं तर पुढची गोळी नाही, फोनसुद्धा नाही, थेट जवळचं हॉस्पिटल. कातडीवर फोड येऊ लागले किंवा तोंडात, डोळ्यांत जखमा झाल्या तरीही तसंच. नुसतं बारीक पुरळ आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

तुमच्या पत्रात यातलं एकही लक्षण नाही. जे आहे ते एकेक करून पाहू.

नाण्यासारखी चव मेट्रोनिडाझोलची. हे औषध ज्यांनी घेतलंय त्यांना ती लगेच ओळखू येते. त्यानं जीभ पांढुरकी, जाडसर वाटते, लघवीचा रंगही कधी कधी गडद होतो. औषध संपलं की हे जातं. मळमळीला मात्र एकटं औषध जबाबदार धरू नका. दाढ काढल्यावर पहिल्या दिवशी थोडं रक्त गिळलं जातं आणि पोटाला ते मानवत नाही. त्यात तोंड दुखतं म्हणून तुम्ही धड जेवत नसाल, आणि रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी जात असेल. आयबुप्रोफेनसारखी गोळी रिकाम्या पोटी घेतली की पित्त खवळतंच. गोळ्या खाल्ल्यानंतर, भरपूर पाण्याबरोबर घेतल्या तर बऱ्याच जणांची निम्मी तक्रार तिथेच कमी होते.

जुलाबांचं कारण सरळ आहे. अ‍ॅंटिबायोटिकला दाढेखालचे जंतू आणि आतड्यातले आपले उपयोगी जंतू यांतला फरक कळत नाही. ते दोघांनाही मारतं. दोनदा पातळ होणं हे त्यातलं साधं, नेहमीचं. पण दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखं होऊ लागलं, रक्त किंवा आव पडली, पोटात कळा आणि ताप आला, तर ते साधं राहत नाही. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल नावाचा जंतू अशा वेळी आतड्यात डोकं वर काढतो, आणि तो कोर्स संपल्यानंतर काही आठवड्यांनीसुद्धा त्रास देऊ शकतो. म्हणून महिनाभरानं जुलाब लागले तरी डॉक्टरांना सांगायचं, ‘मध्यंतरी दाढेसाठी अ‍ॅंटिबायोटिक घेतलं होतं.’ आणि जुलाब बंद करायची गोळी स्वतःच्या मनानं घ्यायची नाही.

आता तो कागद. मला त्या कागदाबद्दल आदर आहे, कारण त्यात काही लपवलेलं नसतं. अडचण अशी की मळमळ आणि मृत्यू त्यात एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाखाली एक छापलेले असतात. पुष्कळ कागदांवर त्या यादीच्या आधी एक शब्द असतो आणि घाबरलेले डोळे नेमका तोच ओलांडून जातात. ‘सामान्य’ म्हणजे शंभरात एक ते दहा जणांना. ‘दुर्मीळ’ म्हणजे दहा हजारांत एक ते दहा जणांना. ‘अतिदुर्मीळ’ म्हणजे दहा हजारांत एकापेक्षाही कमी. अमॉक्सिसिलिनच्या कागदावर मळमळ, जुलाब आणि पुरळ पहिल्या गटात असतात. तुमची झोप उडवणाऱ्या गोष्टी बहुतेक शेवटच्या गटातल्या आहेत.

आणि वाचल्यामुळेही त्रास होतो, हे मी तुम्हाला खोटं पाडायला सांगत नाही. ब्रिटनमध्ये कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांवर झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. साइड इफेक्टमुळे ज्यांनी त्या गोळ्या सोडल्या होत्या, अशा ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं. कुठल्या महिन्यात कुठली गोळी, हे त्यांना माहीत नव्हतं. खऱ्या गोळीनं जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीनंही झाला. त्यांचं दुखणं खरंच होतं, ते नाटक करत नव्हते. पण त्यातलं बहुतेक औषधातून नव्हे, औषधाच्या धास्तीतून आलं होतं. तुमच्या मळमळीत धास्तीचा वाटा किती हे मला इथून सांगता येणार नाही. तीन रात्रींची झोप बुडवून ते तुम्हालाही कळणार नाही.

एक माझं सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी दाढ काढताना भुलीचं इंजेक्शन दिल्यावर माझं काळीज असं धडधडलं की मी खुर्चीतून उठून बसले. त्या दिवसापासून प्रत्येक डॉक्टरला मी सांगत आले, ‘मला भुलीची ॲलर्जी आहे.’ कुणाला नीट विचारलं नाही, विचारायची भीती वाटली. शेवटी एका दंतवैद्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्या इंजेक्शनात अ‍ॅड्रेनालिन असतं, त्यानं काही मिनिटं छाती धडधडते. मधल्या काळात मी दोन दात भीतीपायी किडू दिले होते. ते गेले.

म्हणून मला तुमची काळजी आहे. या चार दिवसांचं रूपांतर ‘मला अमॉक्सिसिलिन सोसत नाही’ अशा शिक्क्यात व्हायला वेळ लागणार नाही. अमेरिकेत दहापैकी एका माणसाच्या कागदपत्रांवर पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद असते आणि तपासणी केली तर खरी ॲलर्जी एकूण लोकांत शंभरात एकालाही निघत नाही. शिक्का बसलेल्यांना मग दुसरी औषधं दिली जातात. त्यातलंच एक क्लिंडामायसिन, आणि मघाशी सांगितलेल्या त्या आतड्याच्या दुखण्याचा धोका त्यानं आणखी वाढतो.

आता कोर्सबद्दल. प्रत्येक दाढेनंतर अ‍ॅंटिबायोटिक लागतंच असं नाही, हे तुमच्या मनात आलं असेल तर ते बरोबर आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१९ साली सांगितलं की दातावर प्रत्यक्ष उपचार होत असतील तर निरोगी माणसाच्या बहुतेक दातदुखीत या गोळ्या देऊ नयेत. पण संसर्ग पसरण्याची खूण असली, ताप असला, तर द्याव्यात. तुम्हाला पू होता आणि तापही होता. त्याच मार्गदर्शनात पुढं असंही आहे की तीन दिवसांनी रुग्णाची पुन्हा चौकशी करावी आणि लक्षणं पूर्ण गेल्यावर २४ तासांनी गोळ्या थांबवाव्यात. म्हणजे तुमचे डॉक्टर कदाचित ‘आता थांबवा’ म्हणतील. कदाचित ‘पुन्हा सुरू करा’ म्हणतील, किंवा औषध बदलून देतील. हे तिन्ही शक्य आहे, फक्त ते ठरवायला त्यांनी तुमच्या तोंडात पाहायला हवं आणि चार वेळच्या गोळ्या पोटात गेलेल्या नाहीत हे त्यांना माहीत हवं. आज ते असं समजून आहेत की तुम्ही सगळ्या घेताय. उद्या सूज उतरली नाही तर त्यांना वाटेल औषध लागू पडलं नाही, आणि ते आणखी जोरदार औषध लिहून देतील. रुमालातल्या गोळ्यांचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं ते इथे.

दाढेकडेही लक्ष असू द्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग ओसरू लागते. ती वाढतच असेल, ताप परत आला असेल, तोंड उघडता येत नसेल, तर आजच दाखवायचं. गिळायला त्रास, जिभेखाली किंवा हनुवटीखाली ताठर सूज, सूज डोळ्याकडे सरकणं, श्वास जड होणं, यात रात्र-अपरात्र पाहायची नाही, हॉस्पिटल गाठायचं. दोन-चार दिवसांनी एकदम कानापर्यंत ठणका लागला आणि खड्डा रिकामा दिसला तर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेली असेल. त्यावर आणखी गोळ्या खाऊन उपयोग नाही, डॉक्टर खड्डा धुऊन त्यात औषध भरतात.

छोट्या गोष्टी पटकन: मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू नाही, दारूचा अंश असलेलं खोकल्याचं औषधही नाही. रक्त पातळ करायची वॉरफेरिन घेत असाल तर तसं सांगा, दोन्ही मिळून रक्तस्राव वाढतो. आणि चुकलेल्या गोळ्या भरून काढायला दुप्पट घ्यायच्या नाहीत, कधीच.

फोनवर काय बोलावं हे सुचत नसेल तर हे वाचून दाखवा: ‘डॉक्टर, सोमवारी दाढ काढली. सात वेळा गोळ्या घेतल्या, मग भीतीनं बंद केल्या. दोनदा जुलाब झाले, मळमळतंय, पुरळ नाही. लहानपणी मावशीला पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन आलेली मी पाहिली आहे. आता पुढं काय करू?’ यातली मावशी गाळू नका. ती तुमच्या तब्येतीच्या माहितीचाच भाग आहे, आणि ती ऐकल्यावर कुठलाही समंजस डॉक्टर तुम्हाला हसणार नाही. हसलाच, तर दुसऱ्या डॉक्टरांना हेच वाक्य न् वाक्य सांगा.

फोन करताना नवऱ्याला शेजारी बसू द्या. तो रोज पाणी घेऊन येतोय, त्याला ही मावशी माहीत असायला हवी. रुमाल त्याच्यासमोरच उघडा, आणि किती गोळ्या राहिल्यात ते मोजून डॉक्टरांना सांगा.

तुमची,
ताई