जुन्या डब्यांच्या पोटात : वाचकांचे प्रश्न

यावेळी आठ-बिटवाल्या मशिन्सवर एवढे प्रश्न आलेत की बाकी सगळं बाजूला ठेवलंय. जवळपास सगळे झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ बद्दलच आहेत, दोन्ही १९८२ चे घरगुती कॉम्प्युटर, त्यामुळे तेवढ्यावरच बोलू.

प्रश्न : नमस्कार सर, इम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) स्पेक्ट्रमचा गेम टेपवरून लोड करताना सुरुवातीचं चित्र सरळ वरून खाली येत नाही. आधी लांब लांब अंतरावर रेघा, मग मधल्या जागा भरतात, तेही तीन तुकड्यांत, आणि रंग तर सगळ्यात शेवटी. हा बग आहे का मुद्दाम केलंय?

मुद्दाम केलंय. टेपवरून बाइट एकापाठोपाठ येतात आणि १६३८४ या पत्त्यापासून पुढे तसेच गुपचूप बसत जातात, वाकडेपणा आहे तो मेमरी आणि पडदा यांच्या नात्यात. पडद्याची एक रेघ २५६ ठिपक्यांची, म्हणजे ३२ बाइट. पहिल्या रेघेचे ३२ संपले की पुढचा बाइट १६४१६ वर जातो, आणि तो दुसऱ्या रेघेचा असेल असं आपल्याला वाटतं, पण तो असतो थेट नवव्या रेघेचा, मग सतराव्या, मग पंचविसाव्या, अशा आठ रेघा झाल्या की परत वर येऊन दुसरी रेघ. पडद्याचा वरचा एक तृतीयांश भाग म्हणजे २०४८ बाइट असा भरून झाला की मधला, मग खालचा.

आता असं का, तर एक अक्षर आठ ठिपके उंच असतं, ते छापायचं म्हणजे आठ बाइट एकाखाली एक लिहायचे. पहिल्या रेघेच्या सुरुवातीचा पत्ता १६३८४ आणि तिच्या लगेच खालच्या रेघेचा १६६४०, बरोब्बर २५६ जास्त. स्पेक्ट्रमचा प्रोसेसर झेड८०, त्यात पत्ता एच आणि एल या रजिस्टरच्या (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांच्या) जोडीत ठेवतात, आणि २५६ मिळवायचे म्हणजे फक्त एच एकने वाढवायचा, क्लॉकच्या चार ठोक्यांत काम खलास. सरळसोट रचना असती तर दरवेळी ३२ मिळवा, त्याला अकरा ठोके, वर आणखी एक रजिस्टर जोडी त्या ३२ साठी अडकून पडणार. ३.५ मेगाहर्ट्झच्या मशीनला हा फरक चांगलाच जाणवतो. हार्डवेअरचाही यात हात आहे. पडदा रंगवणाऱ्या यूएलए चिपला ठिपक्यांचा बाइट आणि त्याच जागेच्या रंगाचा बाइट लागोपाठ उचलायचे असतात, आणि या रचनेत दोन्ही पत्त्यांचा खालचा अर्धा भाग एकच येतो, त्यामुळे मेमरी चिपला रो (पत्त्यातला ओळीचा भाग) एकदाच सांगून दोन्ही बाइट पटापट काढता येतात. म्हणजे त्रास कोणाला, तर गेम लिहिणाऱ्याला, कारण अक्षराची हद्द ओलांडली की पत्त्याचं गणित बदलतं आणि बिचारा १९२ रेघांच्या पत्त्यांचा तक्ताच बनवून ठेवतो.

रंग शेवटी येतात कारण पहिले ६१४४ बाइट नुसते ठिपके आहेत, रंगांचे ७६८ बाइट त्यांच्यानंतर, २२५२८ पासून. आठ बाय आठच्या प्रत्येक चौकोनाला एकच बाइट, त्यात शाईचा (चालू ठिपक्यांचा) रंग, कागदाचा (मागचा) रंग, ब्राइट आणि फ्लॅश. एका चौकोनात तिसरा रंग बसतच नाही, म्हणून हिरो झाडाजवळ गेला की झाडाचा रंग अंगावर घेतो.

जाता जाता, टेपवर शून्याचा पल्स ८५५ ठोक्यांचा आणि एकचा १७१०, दुप्पट. म्हणजे सगळी शून्यं असलेला डेटा, सगळे एक असलेल्या डेटाच्या निम्म्या वेळात लोड होतो.

प्रश्न : स्पेक्ट्रमच्या बेसिक भाषेतल्या एका जुन्या प्रोग्रॅमच्या लिस्टिंगमध्ये शून्याच्या जागी सगळीकडे 'नॉट पाय' लिहिलंय, १०० च्या जागी 'व्हॅल' आणि कोटमध्ये १००. लिहिणाऱ्याला शोबाजी करायची होती का?

शोबाजी नाही हो, मेमरी वाचवायची होती. स्पेक्ट्रम बेसिकमध्ये तुम्ही एखादी संख्या टाइप केली की ती दोनदा साठवली जाते. एकदा तुम्हाला दिसते तशी, आकडा-आकडा करून, आणि मग १४ हा खुणेचा बाइट आणि त्यामागे पाच बाइटमध्ये तीच संख्या मशीनच्या भाषेत, म्हणजे चालवताना परत परत आकडे वाचून रूपांतर करायला नको. वेग मिळाला पण साधा शून्य सात बाइट खातो. 'नॉट' एक बाइटचा टोकन (अख्ख्या शब्दाचा कोड), 'पाय' म्हणजे गणितातला ३.१४ वाला, तोही एक बाइटचा टोकन, आणि पाय शून्य नसल्यामुळे नॉट पाय म्हणजे शून्य, काम दोन बाइटमध्ये. व्हॅल कोटमधल्या आकड्यांची चालवताना संख्या करतं, कोटमध्ये लपलेले बाइट नसतातच, म्हणून दरवेळी तीन बाइटची बचत होते, फक्त चालतं हळू.

याची मजा स्वतः बघा. नवीन सुरू केलेल्या ४८ के मेमरीवाल्या स्पेक्ट्रमवर (इम्युलेटर चालेल, जास्तीचं इंटरफेस जोडलेलं नको) एकच ओळ टाका : १० प्रिंट ५. प्रोग्रॅम २३७५५ पासून सुरू होतो. तिथे दोन बाइट ओळीच्या नंबरचे, दोन लांबीचे, मग २४५ म्हणजे प्रिंट, ५३ म्हणजे दिसणारा ५, मग १४, आणि मग लपलेले पाच : ०, ०, ५, ०, ०. आता पोक २३७६४, ७ द्या, म्हणजे २३७६४ या पत्त्यावर ७ लिहा. लिस्ट केलं तर प्रिंट ५ च दिसेल, रन केलं तर ७ छापून येईल! काही लोकांनी हीच युक्ती वापरून आपल्या लोडरमधले (गेम लोड करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधले) खरे आकडे लपवले होते, लिस्टिंग वाचणारा बसला डोकं खाजवत. ती ओळ एडिट करून परत एंटर केली की मात्र लपलेला आकडा नव्याने तयार होतो आणि सोंग उतरतं.

प्रश्न : कमोडोर ६४ मध्ये ६४ के मेमरी, मग चालू केल्यावर ३८९११ बाइटच मोकळे का दाखवतो?

मेमरी आहे पूर्ण ६४ के, पण प्रोसेसरला एकूण पत्तेच ६५५३६ दिसतात आणि त्यातच बेसिकचा रॉम (फक्त वाचता येणारी कायमची मेमरी), कर्नलचा म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा रॉम आणि कीबोर्ड-पडदा वगैरे सांभाळणाऱ्या आय-ओ चिप्स बसवायच्यात, म्हणून हे सगळं रॅमच्या (लिहिता येणाऱ्या मेमरीच्या) डोक्यावर बसतं. बेसिकला मिळतं २०४९ ते ४०९५९, दोन्ही टोकं धरून मोजणी तुम्हीच करा. ४०९६० पासूनच्या बेसिक रॉमखाली रॅम आहेच, आणि वाचलं तर रॉम दिसतो पण लिहिलं तर ते खालच्या रॅममध्ये जातं. म्हणून ४०९६० ते ४९१५१ लूप लावून प्रत्येक पत्ता पीक करून (वाचून) तिथेच पोक करा, मग पोक १, ५४ द्या, रॉम बाजूला होतो आणि बेसिक तुमच्या कॉपीवरून चालायला लागतं. त्या कॉपीत ८२, ६९, ६५, ६८, ८९ शोधा, ते 'रेडी' आहे, तिथे दुसरी पाच अक्षरं टाकली की मशीन दरवेळी तुमचा शब्द म्हणणार.

प्रश्न : सर, मी कॉलेजला आहे. स्पेक्ट्रमचा १६ के रॉम डिसअसेंबल केलाय, म्हणजे त्याचे बाइट प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनमध्ये उलगडलेत, पण थोडं वाचलं की सगळं गचाळ दिसतं, इन्स्ट्रक्शनला काही अर्थच लागत नाही. कुठून सुरू करू?

शून्यापासून सुरू कर, झेड८० रिसेट झाला की तिथूनच पळतो. पहिली इन्स्ट्रक्शन इंटरप्ट (मधेच येणारे व्यत्यय) बंद, मग ए रजिस्टर शून्य, मग डीई जोडीत ६५५३५, मग ४५५५ ला उडी. तिथून थोडं पुढे गेलास की मेमरीची चाचणी सापडेल. वरून खाली येत १६३८४ पर्यंत प्रत्येक बाइटमध्ये २ लिहितो, मग खालून वर जाताना प्रत्येकातून एक वजा, शून्य झालं का बघ, परत एक वजा, आता शून्य झालं का बघ. जिथे गणित चुकलं तिथे मेमरी संपली, १६ केवालं मशीन का ४८ के हे त्याला असंच कळतं. चालू करताना क्षणभर काळ्यावर बारीक लाल उभ्या रेघा चमकतात ना, त्या हाच २ आहेत, ठिपक्यांत २ म्हणजे आठातला एक ठिपका चालू आणि रंगात २ म्हणजे काळ्यावर लाल. इम्युलेटर अगदी हळू करून बघ, आणि एकीकडे लिस्टिंग वाचत जा.

गचाळ दिसतं त्याचं कारण बहुतेक वेळा आरएसटी ४०. ही रॉममधल्या कॅल्क्युलेटरला, म्हणजे गणितं करणाऱ्या भागाला, मारलेली हाक आहे, आणि तिच्यानंतरचे बाइट झेड८० चे नसतातच, ती कॅल्क्युलेटरची स्वतःची छोटी भाषा आहे, 'बेरीज', 'गुणाकार', 'डुप्लिकेट' असे एकेक बाइटचे हुकूम, ५६ आला की संपलं. झेड८० ला गुणाकाराची इन्स्ट्रक्शनच नाही, तर साइन-कोसाइन कुठून आणणार, म्हणून मशीनच्या आत आणखी एक मशीन बसवलंय. तुझ्या डिसअसेंबलरला हे माहीत नसतं, तो त्या बाइटांचाही इन्स्ट्रक्शन म्हणून अर्थ लावत बसतो. आरएसटी ८ चंही तसंच, तिच्यानंतरचा एक बाइट म्हणजे एररचा नंबर. हे दोन डेटा म्हणून मार्क केलेस की निम्मा कचरा साफ होईल. आणि १६ के सलग वाचायला जाऊ नकोस, कोणी तसं वाचत नाही.

प्रश्न : कमोडोर ६४ मिळालंय, मूळ अडॅप्टरसकट. लावून बघू का?

त्या अडॅप्टरने नको. त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारा झाला की व्होल्टेज वर चढतं आणि रॅमच्या चिप्स जातात, आणि मीटरने आज ५ दाखवले तरी गरम झाल्यावर तो काय करेल याचा भरवसा नाही. नवीन सप्लाय घ्या. स्पेक्ट्रमवाल्यांनीही ऐका, त्याच्या ९ व्होल्टच्या पिनमध्ये आतला भाग निगेटिव्ह असतो, हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरच्या उलटा, त्यामुळे पिन बसतेय म्हणून घातली असं करू नका.